फॉक्स म्हणजे कोल्हा नव्हे! इंग्रजीतला हा शब्द वापरायचा तरी कसा

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी ते कळेल. जुन्या ऑफिसात आमच्या टीमच्या मॅडमची बदली झाली, निरोपाचं कार्ड टेबलाटेबलावरून फिरत माझ्याकडे आलं, आणि मला वाटलं सगळे तेच ते बेस्ट विशेस नि मिस यू लिहितायत तर आपण जरा हटके लिहू. मॅडम भयंकर हुशार, समोरच्या क्लायंटला कळायच्या आत गुंडाळून ठेवायच्या. म्हटलं कोल्ह्यासारख्या चतुर आहेत असं लिहू. मग मी झोकात लिहिलं, 'यू आर द फॉक्सिएस्ट मॅनेजर आय हॅव एव्हर हॅड'. कार्ड पुढे गेलं. दोन टेबलं सोडून बसणाऱ्या एकीने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. फॉक्सी म्हणजे चतुर हे डिक्शनरीत आहे, खोटं नाही, पण आज बोलताना बाईला फॉक्सी म्हटलं की ऐकणारा 'मादक दिसते' असाच अर्थ घेतो. व्हाइटनर शोधायला तीन मजले फिरलो.

तेव्हापासून या एका शब्दाच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की गडबड फॉक्सीपासून नाही, मुळापासूनच आहे. शाळेत आपल्याला 'फॉक्स म्हणजे कोल्हा' असं पाठ करून घेतात ना, तिथूनच.

आपला कोल्हा, म्हणजे गावाकडे रात्री उसाच्या फडातून जो ओरडतो, मुंबई-नवी मुंबईत विक्रोळी-ऐरोलीच्या खारफुटीत पण जो राहतो, तो इंग्रजीत जॅकल. गोल्डन जॅकल. कुत्रा आणि लांडग्याचा जवळचा भाऊबंद. आणि फॉक्स म्हणजे खोकड. खोकड आपल्याकडे सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानावर असतं, जेमतेम 2 ते 4 किलोचं, पाय काटकुळे, कान मोठे, आणि शेपटी झुपकेदार पण टोकाला काळी. गोष्टीच्या पुस्तकात जो नारिंगी, पांढऱ्या शेपटीच्या टोकाचा फॉक्स काढलेला असतो तो तिकडचा रेड फॉक्स, तो आपल्या माळावर दिसणार नाही. हिंदीवाले या बाबतीत सुखी, त्यांच्याकडे लोमडी वेगळी आणि सियार किंवा गीदड वेगळा, गोंधळच नाही. आपणही शब्द दोन ठेवलेत पण खोकड हा शब्द शहरातल्या पोरांनी ऐकलेलाच नसतो, म्हणून सगळं कोल्ह्याच्या खात्यावर जातं.

आता हे झालं कसं, तर युरोपातल्या गोष्टींमध्ये लबाड प्राणी फॉक्स आणि आपल्याकडच्या गोष्टींमध्ये लबाड प्राणी शृगाल, म्हणजे कोल्हा. इसापच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा लबाडाच्या जागी लबाड बसवला, द्राक्षं खायला आपला कोल्हा उडी मारायला लागला. माझ्या मते त्यात काही चुकलं नाही, गोष्ट आहे, तिथे प्राण्यापेक्षा स्वभाव महत्त्वाचा. पण उलट्या दिशेने जाताना सांभाळा. तुम्ही पंचतंत्रातली गोष्ट इंग्रजीत सांगत असाल, करटक-दमनक किंवा निळीच्या पिंपात पडून राजा झालेला तो, तर जॅकलच लिहा, फॉक्स नको. आणि पक्षी-प्राण्यांचे फोटो टाकत असाल तर कॅप्शन लिहायच्या आधी प्राण्याचा आकार बघा, कारण कोल्हा खोकडापेक्षा चांगला दुप्पट-तिप्पट वजनाचा असतो आणि 'सॉ अ फॉक्स निअर पुणे' लिहून खाली कोल्ह्याचा फोटो टाकला की कमेंटमध्ये जाणकार मंडळी तुटून पडतात.

कोल्हेकुई हा आणखी एक सापळा. एकाने सुरू केलं की लांबवर दुसरा, मग तिसरा, असा जो सामुदायिक गळा काढतात तो जॅकलचा, इंग्रजीत 'हाउलिंग ऑफ जॅकल्स'. फॉक्स असं कोरसमध्ये रडत नाही, तो भुंकतो किंवा किंचाळतो, बार्क आणि स्क्रीम हे शब्द वापरतात. लंडनमध्ये गल्लीबोळात फॉक्स फिरतात आणि जानेवारीच्या आसपास त्यांचा जोडीचा काळ असतो तेव्हा रात्री असं काही ओरडतात की तिकडे नवीन गेलेल्या माणसाला वाटतं शेजारी कुणी बाई संकटात आहे. आमच्या मावसबहिणीने हॅरोला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात रात्री दोनला नवऱ्याला उठवून खाली बघायला पाठवलं होतं.

गंमत म्हणजे जॅकल हा शब्द इंग्रजांनी घेतला तो मूळ आपल्याच बाजूचा. संस्कृत शृगाल, त्याचं फारसीत शगाल, तुर्कीत चकाल, आणि तिथून फिरत फिरत जॅकल. मात्र इंग्रजीत माणसाला जॅकल म्हणणं म्हणजे चतुर म्हणणं नाही हं, तिथे जॅकल म्हणजे दुसऱ्यासाठी हलकी कामं करणारा हुजऱ्या, किंवा मेलेल्यावर तुटून पडणारा. पूर्वी समज होता की जॅकल सिंहासाठी शिकार हुडकून देतो, त्यावरून. तेव्हा कौतुक करायचं असेल तर जॅकलच्या वाटेला जाऊ नका.

बरं आता व्याकरण, फार वेळ घेत नाही. एक फॉक्स, अनेक फॉक्सेस, शेवटी एक्स आहे म्हणून नुसता एस न लावता ई-एस लावायचा, बॉक्स-बॉक्सेससारखं. 'ऑक्स'चं ऑक्सन होतं ते बघून कुणी फॉक्सन करतं, ते करू नका. आपण मराठी माणसं आर्टिकल खातो, 'फॉक्स इज क्लेव्हर अॅनिमल' असं बोलतो, तिथे 'द फॉक्स इज अ क्लेव्हर अॅनिमल' पाहिजे, पूर्ण जातीबद्दल बोलताना पुढे द लागतो. किंवा सरळ अनेकवचन करा, 'फॉक्सेस आर क्लेव्हर', मग द चं झंझट नाही, मी तेच करतो. गोष्टीत फॉक्सला इंग्रजीतलं 'ही' (म्हणजे तो) म्हणतात, शास्त्रीय लिखाणात 'इट'.

मादी म्हणजे व्हिक्सन. फॉक्सचं स्त्रीलिंग व्हिक्सन कसं, फ चा व कुठून आला, हा प्रश्न मला कित्येक वर्षं होता. तर इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बोलीत सुरुवातीचा फ व सारखा उच्चारायचे, आणि नर राहिला फॉक्स पण मादीचा शब्द मात्र त्या बोलीतला प्रमाण भाषेत घुसला. आपल्याकडे कोकणातला एखादा शब्द पुण्यात रुळावा तसं. पण बाईला व्हिक्सन म्हणाल तर सांभाळून, जुना अर्थ कजाग, भांडखोर बाई, आणि नवा अर्थ पुन्हा तोच, मादक. म्हणजे कार्डावर तोही नको. पिल्लाला ब्रिटिश लोक कब म्हणतात, अमेरिकन लोक किट किंवा पप, आपल्या शाळेत कबच चालतं. बिळाला डेन म्हटलं तर चालेल पण ब्रिटिश इंग्रजीत त्याला अर्थ म्हणतात, हो, पृथ्वीवाला अर्थ, आणि शेपटीला ब्रश. कळपाला 'स्कल्क ऑफ फॉक्सेस' म्हणतात हे क्विझमध्ये विचारतात, बाहेर कुणी बोलताना वापरलेलं मी ऐकलेलं नाही.

हे बीळ का सांगितलं, तर त्यावरून एक फार उपयोगी वाक्प्रचार आलाय. शिकारी कुत्रे मागे लागले की फॉक्स बिळात घुसतो, त्याला म्हणायचे 'गॉन टु ग्राउंड'. आता पेपरात घोटाळा करून पळालेल्या माणसाबद्दल तेच लिहितात, ही हॅज गॉन टु ग्राउंड, आपल्या भाषेत भूमिगत झाला. आणि खूप शोधून तो सापडला की 'रन टु अर्थ'. ही सगळी भाषा घोड्यावर बसून कुत्र्यांच्या झुंडीने फॉक्सची शिकार करण्याच्या त्यांच्या हौसेतून आली. ब्रिटनमध्ये नुसतं 'हंटिंग' म्हटलं तरी जुन्या लोकांना तेच समजतं, बंदुकीने मारणं असेल तर शूटिंग म्हणतात, अमेरिकेत मात्र बंदूकवालं पण हंटिंगच. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकडून अशी शिकार करायला 2005 पासून कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे आलेल्या साहेबांना तो रेड फॉक्स मिळेना, म्हणून त्यांनी उटीला कुत्र्यांची झुंड ठेवली आणि मागे सोडली ती कोल्ह्यांच्या! म्हणजे फॉक्स नि कोल्ह्याची अदलाबदल करणारे आपण एकटे नाही.

आता सगळ्यात जास्त कामाचं, क्रियापद. 'टु फॉक्स' म्हणजे चकवणं, बुचकळ्यात टाकणं. क्रिकेटच्या कॉमेंट्रीने हे आपल्याला फुकट शिकवलंय, स्पिनरने बॉल वर टांगला, बॅटर पुढे आला, बॉल पडला अलीकडे नि वळला, स्टम्पिंग, की कॉमेंटेटर म्हणणार 'फॉक्स्ड बाय द फ्लाइट'. तसंच पेपरात प्रश्न अवघड आला तर 'द लास्ट क्वेश्चन फॉक्स्ड मी'. बघा, चकवणारा प्रश्न आणि चकलेले आपण, म्हणजे 'आय वॉज फॉक्स्ड' म्हणा, 'आय फॉक्स्ड' म्हटलं तर तुम्हीच कुणालातरी चकवलं असं होईल. अमेरिकेतल्या टीमशी कॉल असेल तर तिथे फॉक्स्ड कमी चालतं, स्टम्प्ड म्हणा, लगेच कळेल. आणि दोन हुशार माणसांत एकाने दुसऱ्यावर कडी केली, शेरास सव्वाशेर निघाला, तर आउटफॉक्स. 'शी आउटफॉक्स्ड द क्लायंट'. मला कार्डावर खरं तर हेच लिहायचं होतं हो!

चतुर म्हणायला मग विशेषण कुठलं, तर स्लाय, कनिंग, 'अॅज कनिंग अॅज अ फॉक्स'. पण हे दोन्ही शब्द निम्मे शिवीसारखे आहेत, त्यात लबाडी आली. बॉसला, सासऱ्यांना, गुरुजींना म्हणू नका, शार्प किंवा अस्ट्यूट म्हणा. 'क्रेझी लाइक अ फॉक्स' मात्र मस्त आहे, वरून वेडगळ दिसतो पण आतून पक्का, आपण वेड पांघरून पेडगावला जाणारा म्हणतो तोच माणूस. आणि 'सिल्व्हर फॉक्स' म्हणजे केस पिकलेला पण देखणा पुरुष. हे बिनधास्त कौतुक म्हणून चालतं, माझे केस पिकले तरी मला अजून कुणी म्हटलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

म्हणींचं भाषांतर करताना शब्दाला शब्द लावू नका. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपण इंग्रजीत 'फॉर द फॉक्स द ग्रेप्स आर सावर' असं करतो, कळेल समोरच्याला पण ते तसं बोलत नाहीत, ते फक्त 'सावर ग्रेप्स' म्हणतात, फॉक्सचं नावही नाही. प्रमोशन न मिळालेला माणूस म्हणाला मला नकोच होतं, तर 'दॅट्स जस्ट सावर ग्रेप्स', खलास. उलट त्यांच्याकडे 'फॉक्स गार्डिंग द हेनहाउस' म्हणतात, खुराड्यावर राखण ठेवला तोच कोंबड्या खाणारा, त्याला मराठीत कोल्हा घुसडायची गरज नाही, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या अशी ठसठशीत म्हण आपल्याकडे आहे, किंवा कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा. आणि कोल्हा काकडीला राजी याला इंग्रजीत फॉक्सही लावू नका आणि जॅकलही, ऐकणारा विचारेल काकडीचं काय मध्येच, तिथे सरळ सांगा की हा थोडक्यात खूश होतो.

यानंतर येतात ते शब्द ज्यात फॉक्स नुसता नावाला असतो. यातला एक तुमच्या स्वयंपाकघरात असेल, फॉक्सटेल मिलेट. मॉलमध्ये चकचकीत पाकिटावर हे नाव वाचून आई म्हणाली हे काय नवीन, घरी आणून फोडलं तर राळा निघाला! लहानपणी तिच्याकडे राळ्याचा भात व्हायचा. कणीस झुपकेदार, वाकलेलं, फॉक्सच्या शेपटीसारखं दिसतं म्हणून ते नाव. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हापासून हे पाकीट सगळीकडे दिसायला लागलंय. तसंच फॉक्सटेल ऑर्किड म्हणजे आपली सीतेची वेणी, पावसाच्या तोंडावर झाडांवर लोंबते ती. एकाच फुलाच्या घोसात कुणाला शेपटी दिसली, कुणाला वेणी. मला आपलं नाव आवडतं, पक्षपात म्हणा हवं तर.

फ्लाइंग फॉक्स म्हणजे उडणारं खोकड नाही, वटवाघूळ, ते मोठं, फळं खाणारं. तोंड खोकडासारखं निमुळतं असतं म्हणून. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मुलांच्या बागेत फ्लाइंग फॉक्स आहे असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, तिथे झिपलाइनला पण तेच म्हणतात. फॉक्सग्लोव्ह हे झाड आहे, विषारी, त्याच्याच जातभाईपासून हृदयाचं डिगॉक्सिन हे औषध मिळतं. फॉक्सफायर म्हणजे कुजक्या लाकडावरच्या बुरशीचा तो हिरवट उजेड, पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री टॉर्च बंद करून बघायला जातात तोच. आणि जुनी पुस्तकं ऑनलाइन घेत असाल तर वर्णनात 'स्लाइट फॉक्सिंग' लिहिलेलं असतं, माझ्या मित्राला वाटलं कोपरे कुरतडलेत, तसं नाही, पानांवर जे तपकिरी डाग पडतात ते. दमट हवेत ठेवलेल्या पुस्तकांना होतं, म्हणजे कोकणातल्या घरातलं प्रत्येक पुस्तक फॉक्स्डच समजा. आता हे फॉक्स्ड वेगळं आणि स्पिनरने केलेलं वेगळं, वाक्यात माणूस आहे का पुस्तक एवढं बघायचं.

फॉक्सहोल म्हणजे सैनिकाने एकट्या-दुकट्यासाठी खणलेला खड्डा, मोठा लांब खंदक असेल तर ट्रेंच. फोनवर स्पेलिंग सांगताना आपण 'एफ फॉर फादर' म्हणतो, पण विमानवाले, नौदलवाले आणि नीट ट्रेनिंग झालेले कॉल सेंटरवाले 'फॉक्सट्रॉट' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात तिथे नुसतं फॉक्स होतं, 1956 मध्ये आत्ताची यादी पक्की झाली त्यात फॉक्सट्रॉट आहे, हे मुळात एका नाचाचं नाव. आपल्या नौदलात 1967 साली आलेली पहिली पाणबुडी कलवरी, ती पण फॉक्सट्रॉट क्लासची, ते नाव नाटोने सोव्हिएत पाणबुड्यांना अक्षरांवरून दिलेलं. म्हणजे पाणबुडीचा नाचाशीही संबंध नाही आणि खोकडाशीही.

टायपिंग क्लासला गेलेल्यांना 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग' झोपेतही आठवेल. इंग्रजीची सगळी 26 अक्षरं या एका वाक्यात येतात म्हणून ते बडवून घ्यायचे. बरेच जण यात 'जम्प्ड' लिहितात, व्याकरणाने बरोबर आहे पण मग एस हे अक्षर अख्ख्या वाक्यात कुठेच राहत नाही आणि वाक्याचा उद्देशच गेला. नवीन फॉन्ट तपासताना हेच वापरतात, म्हणून जम्प्स, एस सकट.

कॅपिटल एफ असेल तर थांबा, ते आडनाव किंवा कंपनी असू शकते. टीव्हीवाले फॉक्स हे नाव विल्यम फॉक्स या माणसाचं, त्याने 1915 मध्ये फिल्म कंपनी काढली होती. जर्मनमध्ये फॉक्सला फुक्स म्हणतात आणि ते पण आडनाव असतं. सोळाव्या शतकात लेऑनहार्ट फुक्स नावाचे एक वनस्पतीतज्ज्ञ होते, त्यांच्या नावावरून एका फुलाला फुशिया नाव दिलं आणि फुलावरून रंगाला. आपण ज्याला राणी कलर म्हणतो, साड्यांच्या साइटवर ज्याचं स्पेलिंग दहापैकी सात दुकानदार चुकवतात, तोच. म्हणजे त्या राणी कलरच्या साडीतही एक खोकड लपलंय. स्पेलिंग तुमचंही चुकत असेल तर उच्चाराच्या नादी लागू नका, आधी त्या साहेबांचं आडनाव लिहा, एफ-यू-सी-एच-एस, आणि मग पुढे आय-ए जोडा.